जुन्या गाडीचा दुसरा आस

मोटारीची स्तुती करायची म्हणजे लोक तिच्या पुढच्या भागाची स्तुती करतात. दिवे कसे डोळ्यांसारखे चमकतात, पुढची जाळी किती रुबाबदार आहे, इंजिन किती शक्तिमान आहे, याची चर्चा रंगते. रंग न्याहाळला जातो, बैठक चाचपून पाहिली जाते. एखादा हौशी मनुष्य हॉर्नही वाजवून पाहतो. परंतु खाली वाकून, मागच्या दोन चाकांच्या मध्ये काय आहे हे पाहणारा मनुष्य विरळाच. तेथे चिखलाने माखलेला, धुळीने काळवंडलेला एक आडवा लोखंडी खांब असतो. मध्यभागी तो मडक्यासारखा फुगलेला असतो आणि दोन्ही अंगांना निमुळता होत चाकांपर्यंत पोहोचतो. गाडीच्या मागच्या भागाचा सारा भार त्याच्यावर असतो आणि इंजिनाने निर्माण केलेली शक्ती अखेर त्याच्याच पोटातून चाकांना मिळते. हाच गाडीचा मागचा आस. गॅरेजमधील लोक त्याला ‘मागचा एक्सल’ म्हणतात.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना आस ही वस्तू नवी नाही. दोन्ही चाकांच्या तुंब्यांतून जाणारा जो लोखंडी दांडा असतो, त्यालाच आस किंवा आख म्हणतात. बैलगाडीचा आस स्वतः फिरत नाही. तो स्थिर राहतो आणि चाके त्याच्याभोवती फिरतात. भार सोसणे एवढेच त्याचे काम. जुन्या मोटारीच्या मागच्या आसाला मात्र दोन कामे करावी लागतात. भार सोसायचा आणि चाकेही फिरवायची. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिलेली असते, त्यामुळे तेथे मागच्या आसाचे काम हलके झाले आहे. जुन्या गाडीत मात्र इंजिन पुढे, आणि ढकलणारी चाके मागे, अशी व्यवस्था असे.

आमच्या घरी १९६६ साली घेतलेली अशी एक फियाट ११०० मोटार आहे. ती माझ्या आजोबांनी घेतली. त्या काळी मोटार घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इटलीतील फियाट कंपनीने ह्या घडणीची गाडी १९५३ मध्ये जगापुढे आणली. पुढे मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. ही कंपनी वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झाली होती. कालांतराने ह्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची टॅक्सी म्हणून साऱ्या देशाच्या ओळखीची झाली.

आमची गाडी फिकट करड्या रंगाची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ह्याच गाडीवर मोटार चालवायला शिकले. माझी आत्या लग्न होऊन जुन्नरला सासरी गेली, तीही ह्याच गाडीतून. तेव्हापासून दर भाऊबीजेला अण्णा ही गाडी घेऊन ठाण्याहून माळशेज घाटाने जुन्नरला जात आले आहेत. आत्याच्या घरी ओवाळणीचे ताट तयार झाले, की ती ओसरीवर येऊन उभी राहते. गाडी दिसण्याच्या आधी तिला गाडीचा आवाज ओळखू येतो, असे ती म्हणते.

२०२४ सालच्या पावसाळ्यात गाडीच्या मागच्या बाजूने एक घरघर ऐकू येऊ लागली. वेग वाढला की आवाज वाढे, वेग उतरला की तो दबून जाई. सकाळी गाडी बाहेर काढली, म्हणजे खालच्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसे. आठवड्याभरात तो डाग पुरीएवढा झाला, आणि आम्ही मिस्त्रींना बोलावले.

हे मिस्त्री वयाच्या चौदाव्या वर्षापासून गाड्यांची कामे करीत आले आहेत. आता त्यांची दृष्टी मंदावली आहे. पण डोळ्यांचे काम त्यांची बोटे करतात. ते गाडीखाली सतरंजी टाकून निजले. घासलेटात भिजवलेल्या चिंधीने त्यांनी आस पुसून काढला आणि त्यावरून अंगठा फिरवू लागले. डाव्या बाजूला, जेथे आस पाट्यांवर टेकतो, तेथे त्यांचा अंगठा थांबला. केसासारखी बारीक एक चीर तेथे होती. त्या चिरेतून तेल झिरपत होते. तेल कमी झाल्यामुळे आसाच्या पोटातील दाते कोरडे पडून एकमेकांवर घासत होते आणि त्यांचीच ती घरघर होती. केसाएवढी चीर, पण तिने आतली सारी घडण पोखरली होती.

ही बातमी ऐकून शेजारच्या एका गृहस्थांनी सोपा उपाय सुचवला. वेल्डिंगचे दोन टाके मारावेत, म्हणजे चीर बुजेल आणि भाऊबीजेपर्यंत गाडी चालेल. काम अर्ध्या दिवसाचे आणि खर्चही थोडा. अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा दिसली. पण मिस्त्रींनी मान हलवली.

“अण्णा, टाके मारायला मला अर्धा तास लागेल,” ते म्हणाले. “पण जाळाने नळी एवढीशी जरी वाकली, तरी आतला दांडा सरळ फिरणार नाही. आणि घाटाच्या उतारावर तो टाका सुटला तर चाक गाडीला सोडून निघून जाईल. तुम्ही लेकरांना घेऊन बसणार. हे काम माझ्या हातून व्हायचे नाही.”

“मग दुसरा उपाय कोणता, मिस्त्री?” अण्णांनी विचारले.

“आखा आस बदलायचा. पण ह्याच जातीचा मिळायला हवा.”

ही गाडी आता कोणी तयार करीत नाही. तेव्हा नवा आस मिळण्याची आशा नव्हती. दुसऱ्या एखाद्या निवृत्त गाडीचाच आस शोधायला हवा होता. गाडीचे मूळ रूप कायम राखणे हीही आमची इच्छा होती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात जपलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. दुसऱ्याच घडणीचा आस ठोकून-ठाकून बसवणे आम्हांला नको होते. आणि तसा आस मिळाला नाही, तर गाडी भंगारात जाणार हे उघड होते. एक भंगारवाला तर दारात येऊन भावही सांगून गेला. त्या संध्याकाळी अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी गाडीची किल्ली देवघराच्या कोनाड्यात ठेवली आणि भाऊबीजेला जुन्नरकडे जाणारी एस. टी. किती वाजता सुटते, याची मजजवळ चौकशी केली.

दुसऱ्या रविवारी मिस्त्री, मी आणि माझा बारा वर्षांचा भाचा, असे तिघे कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेलो. हा बाजार ज्याने पाहिला नाही, त्याला त्याची कल्पना येणे कठीण. एका दुकानात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसते दिवे, तिसऱ्यात इंजिनांच्या राशी. जणू कोणी शेकडो गाड्या उकलून त्यांची बाराखडी मांडून ठेवली आहे. पुष्कळ हिंडल्यावर एका दुकानात आम्हांला हवे तसे दोन आस मिळाले. एकाला नुकताच काळा चकचकीत रंग दिला होता. दुसरा कोपऱ्यात पडलेला होता आणि त्यावर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे होते.

माझा भाचा साहजिकच चकचकीत आसाकडे धावला. मिस्त्री हसले आणि त्यांनी दोन्ही आसांच्या खालचे तेलाचे बूच उघडायला सांगितले. पहिल्या आसातून निघालेले तेल त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून माझ्या भाच्यापुढे धरले. त्यात चांदीच्या भुकटीसारखे बारीक कण चमकत होते.

“बाळ, ही चांदी नव्हे. हे दात्यांचे झिजलेले पोलाद आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या आसातील तेल काळेकुट्ट होते. पण बोटांत चोळल्यावर ते मऊ लागले, त्यात कण नव्हते. मग मिस्त्रींनी इंजिनाकडून येणारा दांडा जेथे जोडतात ती चकती हातात धरून हळूच पुढे-मागे हलवली. पहिल्या आसात ती बरीच सैल हलत होती आणि आत ‘खट्‌खट्‌’ असा आवाज होत होता. दुसऱ्यात ती जरा हलून लगेच अडली. “रंग बाहेरून देता येतो,” मिस्त्री म्हणाले, “तेल आतली हकीकत सांगते.” आम्ही चिखलाने माखलेला आस घेतला.

हा आस कोठून आला, अशी मी दुकानदाराकडे चौकशी केली. तो एका पद्मिनी टॅक्सीचा होता. मुंबईत टॅक्सीच्या आयुष्याला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबर महिन्यात झाली होती. त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता मुंबईच्या रस्त्यांवरून ह्या टॅक्सीने निरोप घेतला. ज्या कुर्ल्यात ह्या गाड्या तयार झाल्या, त्याच कुर्ल्यात त्यांतील एकीचा आस भंगार होऊन आला होता. कोणा टॅक्सीवाल्याचा संसार त्याने वीस वर्षे वाहिला असेल. किती लोकांना त्याने स्टेशनावर वेळेवर पोहोचवले असेल, किती रुग्णांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेले असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? मालकाने मात्र त्याला तेल कधी कमी पडू दिले नव्हते, एवढे त्या काळ्या, मऊ तेलावरून दिसत होते. कोणा अपरिचित मनुष्याने नित्यनेमाने घेतलेली ती काळजी आज आमच्या उपयोगी पडत होती.

आस गॅरेजमध्ये आणल्यावर त्याची खरी परीक्षा झाली. दोन गाड्यांचे आस वरून सारखे दिसले, तरी त्यांच्या पोटातील दात्यांचे प्रमाण निराळे असू शकते. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला म्हणजे चाक एकदा फिरते, हे त्या प्रमाणावर ठरते. ते प्रमाण बदलले, तर गाडी एक तर चढावर धापा टाकते, नाही तर सपाट रस्त्यावर इंजिनाला उगाच धावायला लावते. वेग दाखवणारा काटाही खोटे सांगू लागतो. म्हणून मिस्त्रींनी आस दोन घोड्यांवर ठेवून त्याला चाके जोडली. एक चाक त्यांनी पक्के बांधले आणि दुसऱ्या चाकावर व चकतीवर खडूने खुणा केल्या. मग माझ्या भाच्याला त्यांनी चाकाचे दोन पूर्ण फेरे द्यायला सांगितले, आणि मला चकतीचे फेरे मोजायला बसवले. चार फेरे पूर्ण झाले आणि पाचव्याचा साधारण तिसरा हिस्सा. आमच्या जुन्या आसावरही तसेच मोजले. आकडा बरोबर जुळला.

“पण मामा,” भाच्याने विचारले, “चाकाचा एकच फेरा मोजायचा होता ना? मग मिस्त्रीकाकांनी दोन फेरे का द्यायला लावले?”

प्रश्न मार्मिक होता. मिस्त्रींनी बांधलेले चाक सोडले, मधली चकती स्वतःच्या हातात घट्ट धरली आणि भाच्याला एक चाक पुढे फिरवायला सांगितले. तो चाक पुढे फिरवू लागला आणि पाहतो तो काय, पलीकडचे चाक आपोआप मागे फिरू लागले! तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहू लागला. पलीकडचे चाक प्रत्येक वेळी उलटेच जाई.

ह्या गमतीतच आसाच्या पोटातील मोठे मर्म आहे. गाडी वळण घेते तेव्हा आतल्या बाजूच्या चाकाला थोडे अंतर जावे लागते आणि बाहेरच्या चाकाला जास्त. मुले हात धरून एका रांगेत गोल फिरतात, तेव्हा मध्याजवळच्या मुलाला जागच्या जागी वळले तरी चालते. पण टोकाच्या मुलाला धावावे लागते, तसाच हा प्रकार. दोन चाकांमध्ये सव्वा मीटर अंतर आहे असे धरले, तर एका काटकोनी वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ दोन मीटर अधिक चालते. दोन्ही चाके जर एकाच अखंड दांड्याला जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर फरफटत गेले असते. टायर झिजले असते आणि दांड्याला पीळ पडला असता. म्हणून आसाचा दांडा मध्ये तोडून त्याचे दोन भाग केलेले असतात आणि त्यांच्या मध्ये लहान दात्यांच्या चाकांची एक जुळणी बसवलेली असते. तिला ‘डिफरन्शिअल’ म्हणतात. सरळ रस्त्यावर ती दोन्ही चाकांना सारखे फिरवते. वळणावर एकाचा वेग जितका घटतो, तितका दुसऱ्याचा वाढवते. एक चाक अगदी थांबले, तर दुसरे दुप्पट फिरते. म्हणूनच एक चाक बांधल्यावर दुसऱ्याचे दोन फेरे मोजावे लागले.

ही युक्ती मोटारीपेक्षाही जुनी आहे. ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी ती योजली. घड्याळातील नाजूक दात्यांशी खेळणाऱ्या हातांनीच ती योजावी हे यथायोग्यच म्हटले पाहिजे. दोन चाकांनी एकाच गाडीला पुढे न्यायचे, पण प्रत्येकाला आपल्या वाटेइतके चालण्याची मोकळीक द्यायची, हा त्या जुळणीचा न्याय आहे. घरातही वडीलधाऱ्या माणसांना हेच साधावे लागते.

आस बसवण्याचे काम दोन दिवस चालले. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी मागून जॅकने उचलली आणि तिच्या अंगाखाली दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जायचे नाही, हा त्यांचा कडक नियम. भाच्याचा चेंडू घरंगळत गाडीखाली गेला, तेव्हा घोड्या लावून होईपर्यंत त्यांनी तोही काढू दिला नाही. मग चाके निघाली. इंजिनाकडून येणारा दांडा सुटा झाला. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी काढून तिचे तोंड बंद केले गेले. आस पाट्यांना ज्या यू-बोल्टांनी आवळलेला असतो, त्यांचे नट गंजून बोल्टांशी एकजीव झाले होते. मिस्त्रींनी त्यांवर तेल सोडले आणि पाना खाली ठेवला.

“आता रात्रभर त्यांना भिजू द्या,” ते म्हणाले. “गंजलेल्या नटावर जोर केला, तर नट सुटत नाही, बोल्ट मोडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नट थोड्याशा प्रयत्नाने फिरले. चौघांनी मिळून जुना आस बाजूला सरकवून बाहेर काढला. अठ्ठावन्न वर्षे गाडीखाली राहिलेली ती वस्तू प्रथमच उन्हात आली होती. अण्णा खुर्चीवर बसून पाहत होते. ते उठून जवळ आले आणि त्यांनी त्या चिरेवरून एकदा हात फिरवला.

टॅक्सीचा आस घासलेटाने धुऊन स्वच्छ केलेला होता. आम्ही तो उचलून पाट्यांशी आणला. पाट्याच्या मधोमध एका बोल्टाचे डोके वर आलेले असते. ते आसाच्या बैठकीतील भोकात अचूक बसावे लागते. ते बसले नाही, तर आस तिरपा राहतो आणि गाडी एका अंगाने चालते. मिस्त्रींना तेथले दिसत नव्हते. त्यांनी बोट घालून भोक चाचपले, “अर्धा दोरा डावीकडे,” असे सांगितले आणि ‘खट्‌’ असा आवाज होऊन आस जागेवर बसला. यू-बोल्ट मात्र त्यांनी नवे घातले, ब्रेकची रबरी नळीही नवीच घातली. “आस जुना चालेल, त्याला धरून ठेवणारे आटे झिजलेले चालणार नाहीत,” असे त्यांचे म्हणणे. आसाच्या पोटात ९० नंबरचे जाड तेल बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत भरले, आणि नटांचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पाट्यांवर आल्यावर दिला.

ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढून टाकणे तेवढे राहिले होते. त्यासाठी एकाने आत बसून ब्रेक दाबायचा असतो. अण्णा आपण होऊन आत जाऊन बसले. मिस्त्री खालून सांगत, “दाबा… धरा… सोडा,” आणि अण्णा एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणे दाबत, धरत आणि सोडत. नळीतून प्रथम बुडबुडे आले, नंतर तेलाची अखंड धार आली. काम संपले तरी अण्णा बराच वेळ चाकामागे बसून होते.

भाच्याच्या मनात मात्र एक शंका घोळत होती. तो अण्णांजवळ जाऊन म्हणाला, “आजोबा, आता ही आपली गाडी राहिली, की त्या टॅक्सीची झाली?”

अण्णांनी थोडा विचार केला. “बाळ, आपल्या गावच्या यात्रेत तू पालखी पाहिली आहेस ना? वाटेत भोई खांदा बदलतात. एक दमला की दुसरा खांदा देतो. म्हणून पालखी निराळी होते का?”

“नाही. पण नवीन भोयाला नमस्कार करायला हवा,” भाचा म्हणाला. आणि तो खरोखरच वाकून, गाडीच्या मागच्या बाजूला नमस्कार करून आला. मिस्त्री मोठ्याने हसले, पण त्यांनी आपल्या तेलकट हातांनी डोळे पुसल्याचे मी पाहिले.

पहिले काही दिवस आम्ही गाडी गावातल्या गावातच हळूहळू चालवली. मिस्त्रींनी तिला पुन्हा एकदा बोलावून यू-बोल्टांचे नट तपासले आणि तेलाचे बूच उघडून तेल बोटांत चोळून पाहिले. तेल मऊ होते. तेव्हाच त्यांनी जुन्नरला जाण्याची परवानगी दिली.

भाऊबीजेला आम्ही पहाटे निघालो. माळशेज घाटात एकामागून एक वळणे येतात. प्रत्येक वळणावर आमच्या पाठीमागे, बैठकीखाली, आतले चाक आपली चाल मंद करीत होते आणि बाहेरचे चाक पुढे धावत होते; पण त्याची आम्हांला जाणीवही होत नव्हती. घरघर नाहीशी झाली होती. ज्याचे काम उत्तम चालले आहे, त्याचा आवाज ऐकू येत नाही, हे त्या दिवशी फार चांगले समजले. जुन्नरला पोहोचलो, तेव्हा आत्या ओसरीवर उभी होती. “आवाज तोच आहे रे,” ती अण्णांना म्हणाली, आणि ताट आणायला आत गेली.

परत आल्यावर मी मिस्त्रींचे राहिलेले पैसे द्यायला गॅरेजमध्ये गेलो. आमचा जुना आस त्यांनी उकलून ठेवला होता. चीर पडलेले कवच एका बाजूला भंगारासाठी काढले होते. झिजलेल्या दात्यांची चाकेही त्याच ढिगात होती. परंतु उजवीकडचा दांडा, दोन बेअरिंगे आणि ब्रेकचे दोन्ही ड्रम त्यांनी धुऊन, पुसून, ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळले होते. प्रत्येक पुडक्यावर खडबडीत अक्षरांत गाडीचे नाव आणि साल लिहिलेले होते.

“हे कशासाठी, मिस्त्री?” मी विचारले.

पुडकी फळीवर रचता रचता ते म्हणाले, “तुम्हांला कोणाचा तरी आस मिळालाच ना? तसा ह्यातला दांडा कोणाला तरी लागेल.”